दुर्बिणीतून गुरू थरथरतो, फोटो धूसर येतात. ६ इंची आरशाच्या दुर्बिणीऐवजी मोठी घ्यावी का?

नका घेऊ. आमच्या दाजींनी १० इंची घेतली आणि भर पंगतीत माझ्या ६ इंचीला "खेळणं" म्हणाले, म्हणून एवढं लिहितोय.

मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहतो. दिवाळीनंतरच्या थंडीत दाजी मुक्कामाला आले, दुर्बीण घेऊनच. पहाटे साडेचारला दोन्ही गच्चीवर. माझी रात्री अकरापासून बाहेर निवत ठेवलेली, त्यांची तेव्हाच खोलीतून काढलेली, आरसा कोमट. माझ्यात गुरूचे दोन पट्टे स्वच्छ. त्यांच्यात तापल्या तव्यावरून पलीकडं बघावं तसं. पाचला माझाही गुरू उकळायला लागला. बघतो तर शेजारच्या काकूंनी बंब पेटवलेला, आणि धुराडं नेमकं गुरूच्या खाली! दुर्बीण दुसऱ्या कोपऱ्यात नेली, गुरू गप्प.

दाजी म्हणाले, "इथली हवाच खराब, पन्हाळ्यावर चल." गेलो. तारे लखलखीत, पण कड्यावरच्या वाऱ्यात गुरूची कड एक क्षण ठरेना. तारे फार लुकलुकतात ती रात्र ग्रहांसाठी वाया. पंचगंगेकडून धुरकट हवा आलेली, वारा पडलेला, ती रात्र पकडा.

फोटो एकच काढू नका, व्हिडिओ घ्या. एक्स्पोजर काही मिलिसेकंदांचं ठेवलं की मधूनच एखादी फ्रेम हवेच्या तावडीतून सुटते. डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ साली याचं गणित मांडलं. त्यात आरसा जितका मोठा, तितकी अशी फ्रेम दुर्मीळ. दाजी, वाचताय ना? गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, तेव्हा दोन-तीन मिनिटांत आवरा. ऑटोस्टॅकर्ट या संगणक प्रोग्राममध्ये चांगल्या दहा टक्के फ्रेम एकावर एक रचा, मग रेजिस्टॅक्स या दुसऱ्या प्रोग्राममध्ये वेव्हलेट्स, म्हणजे बारकावे ठळक करायची सोय. हात आखडता ठेवा, नाहीतर गुरूला कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. मोठ्या वेधशाळांत आरसाच सेकंदाला शेकडो वेळा वाकवून हवेची खोडी काढतात. ते आपलं काम नव्हे.

आता खरं सांगायचं तर हवा पूर्ण थांबली की १० इंचीतून जास्त दिसतं, आणि तेजोमेघांना मोठाच आरसा लागतो. तशी एक रात्र दाजींना मिळाली. फोटो थेट घरच्या ग्रुपवर टाकला. ऑटोस्टॅकर्टमधूनच काढलेला, मीच शिकवलं होतं. विचारलं तर म्हणतात, "आरसा मोठा आहे ना!"