अध्यक्ष नसलेल्या मंडळाची बैठक आणि लग्न

सप्रेम नमस्कार.

तुमच्या विचारमंडळात अध्यक्ष नको, सचिव नको, आणि लग्न, बारसं, शोकसभाही भटजीविनाच करायच्या, असं ठरवलंत हे तुझ्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. एक मात्र आधीच सांगतो. पद काढलं म्हणून सत्ता जात नाही. खोलीची किल्ली ज्याच्या खिशात, तो हळूहळू अध्यक्ष होतो. म्हणून कामं नेमकी ठरवा आणि फिरती ठेवा.

दर बैठकीला तीन कामं असतात. एकाने विषय मांडायचा, एकाने घड्याळ सांभाळायचं, एकाने वहीत टिपायचं. पुढच्या वेळची तीन नावं उठण्यापूर्वीच चिठ्ठ्या टाकून काढा, आणि वही-किल्ली तिथल्या तिथे पुढच्या टिपणाऱ्याच्या हातात द्या. ‘नंतर ग्रुपवर ठरवू’ म्हटलं की दर वेळी तेच दोघं हौशी पुढे होतात आणि बाकीचे पाहुण्यासारखे येऊ लागतात.

सतरंजीवर गोल बसा. १५च्या वर माणसं झाली तर दोन गोल करा. विषय प्रश्न म्हणून ठेवा. ‘प्रामाणिकपणा’ दिलात तर भाषणं होतील. ‘घरकामाच्या मावशी आजारी पडल्या तर त्या दिवसांचा पगार द्यायचा का’ असं विचारलंत तर माणसं आपापल्या घराबद्दल बोलतील. मांडणीला २० मिनिटं पुरे. मग एक फेरी, प्रत्येकाला ३ मिनिटं, सुरुवात वयाने सगळ्यात लहान असेल त्याच्यापासून. ज्येष्ठ आधी बोलले की पोरं ‘काका म्हणाले तेच’ म्हणून सुटतात. फेरी संपेपर्यंत कुणाला उलट उत्तर द्यायचं नाही. चहा शेवटी, मध्येच आला तर मोडलेला गोल पुन्हा जमत नाही. खर्चासाठी झाकणाला चीर पाडलेला डबा ठेवा. कुणी किती टाकले ते लिहू नका, एकूण जमाखर्च मात्र वहीत हवाच.

आता लग्नाचं. आपल्याकडे ही वाट जुनी आहे. २४ सप्टेंबर १८७३ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीविना पहिलं लग्न लागलं. समाजाचे संस्थापक जोतीराव फुले यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशी बोलतात, ती हक्काचं विचारते आणि तो वचन देतो. तुमच्या समारंभाचा गाभा हाच असू द्या.

कायद्याचं आधी उरका. विशेष विवाह कायदा, १९५४ ही सरळ वाट. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलाय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे लग्न करणार असल्याची नोटीस द्यायची. मग हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर सह्या. मुलाचं वय २१ आणि मुलीचं १८ पूर्ण हवं. नोटिशीपासून तीन महिने उलटले तर ती बाद, पुन्हा पहिल्यापासून सगळं. गफलत होते ती इथेच: हॉल आधी ठरतो, पत्रिका छापून येतात, आणि नोटीस राहते. आधी नोटीस, मग हॉल.

समारंभ लावणारा कुणी नसतो, म्हणून क्रम पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून दोघांच्या हातात द्या. प्रतिज्ञा चार-पाच वाक्यांच्या, स्वतः लिहिलेल्या. ‘सुखात ठेवीन’ हे उद्या तपासता येत नाही. ‘दोघांच्या पगाराचा हिशेब दोघांना माहीत असेल’, ‘दोन्हीकडच्या आईवडिलांचं आजारपण दोघांचं’, हे येतं. वाचताना तोंड एकमेकांकडे हवं, माइक कुणीतरी हातात धरावा. नातेवाईक ‘लग्न लागलंच नाही’ म्हणतात, कारण लागल्याचा क्षण त्यांना दिसत नाही. तेव्हा तो ठरवून दाखवा: प्रतिज्ञापत्रावर सही, लगेच हार, लगेच हलगी आणि पाकळ्या. घरातल्या विधवा आत्या-मावशीला त्या वेळी मुद्दाम पुढे उभं करा. हे विसरलात तर बाकी सगळं करून फारसं काही साधत नाही. २५ मिनिटांत आटपतं. बारशाला तर नाव आणि ते का ठेवलं, एवढं सांगितलं की झालं.

मृत्यूची तयारी मात्र जिवंतपणीच लागते. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी नंतर घरच्यांची संमती लागते, म्हणून मुलांना तेव्हाच समोर बसवा. शवविच्छेदन झालेला देह वैद्यकीय महाविद्यालयं सहसा घेत नाहीत. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं: पंखा बंद, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी, आणि नेत्रपेढीला फोन. तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. शोकसभेत पाचच जणांनी बोलावं. फोटोला हार घालायचा की नाही, हे घरच्यांना आदल्या दिवशी विचारून घ्या, तिथे वाद नको.

तुमच्या पहिल्या जोडप्याने नोटीस दिली की तारीख कळव, दिवस मिळून मोजू.

तुझा,
काका