आधी पाणी वाचायला शिकू द्या, पिंजरे नंतर

नमस्कार. इंदापूर तालुक्यातून तुम्ही लिहिलंत की मुलगी बारावी सायन्स झाली, आता उजनी धरणात जाळीचे तरंगते पिंजरे टाकून मासे पाळायचं म्हणते. कर्ज काढून पाच पिंजरे घेऊन द्यावेत का? ज्या धरणात तुमच्या वडिलांची जमीन गेली, त्याच पाण्यावर त्यांची नात उभी राहू पाहते, हे वाचून फार बरं वाटलं. तरी यंदा पिंजरे घेऊ नका.

हिशेब खाद्यापाशी अडतो. सहा बाय चार बाय चार मीटरच्या एका पिंजऱ्यातून ३ टन पंगस जातीचा मासा काढायचा, तर किलोमागे दीड किलो धरून साडेचार टन खाद्य लागतं. आजचा भाव लावून पाहा, मग पाचाने गुणा. माल निघायला आठ-दहा महिने, थंडीत मासा खाणं कमी करतो, तोवर पैसा अक्षरशः पाण्यात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना ६० टक्के अनुदान ठेवलं आहे, पण दरवर्षीचं खाद्य ते भरणार नाही.

दुसरं, उजनीचं पाणी. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून तिथेच येतं. उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात, म्हणजे तळाच्या राखीव पाण्यावर, गेलं की पिंजरे खोल पाण्याकडे ओढावे लागतात, नाहीतर जाळ्याचा तळ गाळाला टेकतो. ढगाळ हवा, वारा पडलेला, अशा पहाटे पाण्यातला ऑक्सिजन उतरतो. चिलापी (तिलापिया मासा) वर येऊन धापा टाकते. मोकळा मासा दुसरीकडे पळतो, कोंडलेला कुठे जाणार? एका तरुणाचं वर्षभराचं पीक असं एका सकाळीत गेलेलं मी पाहिलंय. तो आळशी नव्हता, त्याला ती लक्षणं कुणी शिकवली नव्हती.

म्हणून तिला शिकवा. मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी रत्नागिरीजवळ शिरगावला, उदगीरला आणि नागपूरला आहे. मत्स्यबीज केंद्रं, खाद्य कंपन्या, मत्स्यव्यवसाय विभाग अशा वाटाही तिथून निघतात. सुट्टीत मात्र तिने चालू पिंजऱ्यांवर काम करावं: बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडणं, जाळी घासणं, पहाटेचा ऑक्सिजन मोजणं. भिगवणच्या लिलावात कोणत्या वजनाची चिलापी काय भावाने जाते, तेही वहीत लिहावं. बाजार इतका जवळ असणं ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

पदवीनंतरही तिचं मन तिथेच असेल, तर दोन पिंजऱ्यांनी सुरुवात करा. जलाशयातली परवानगी आणि मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे, ते आधी कागदावर पाहून घ्या. आणि पिंजरे तिच्या नावावर असू द्या.