डिझेल गाडीला मोठा टर्बो बसवला तर घाटातला पिकअप वाढेल का?

नाही, उलट कमी होईल. वरच्या आरपीएमला ताकद वाढेल, पण घाटात दुसऱ्या गिअरवर, दीड हजार आरपीएमला, गाडी आणखी मरगळेल.

कारण टर्बोतल्या चाकाचं जडत्व. हे चाक एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने फिरतं आणि इंजिनात हवा दाबतं. त्याच घडणीचं चाक व्यासाने २० टक्के मोठं केलं, तर जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं, म्हणजे जवळजवळ अडीचपट! लहान गाडीचा टर्बो पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकतो. कमी आरपीएमचा एक्झॉस्ट एवढं जड चाक पटकन पळवू शकत नाही. हाच तुमचा लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर ताकद यायला लागणारा उशीर.

सर्ज त्याहून वाईट. मोठ्या कंप्रेसरला, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाला, हवा भरपूर वाहती लागते. इंजिन तेवढी ओढत नसताना दाब चढला, की हवा पात्यांवरून सुटून मागे उसळते. बॉनेटखालून फडफड ऐकू येते आणि प्रत्येक उसळीला थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे टर्बोचा शाफ्ट (दांडा) पुढे-मागे सरकू न देणारं बेअरिंग, मार खातं.

माझं ऐका, आधी आहे तोच टर्बो तपासा. इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होजचे सांधे हाताने चाचपा. तिथे ताजं, ओलं तेल लागलं तर बहुधा दाब तिथूनच गळतोय. इंजिन गार असताना हवेकडचा पाइप काढून शाफ्ट पुढे-मागे ढकलून बघा. ठणठणीत टर्बोत ही हालचाल बोटाला जेमतेम कळते. खटखट लागली तर कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट-बेअरिंगचा मधला गाभा, बदलायला झाली आहे. व्हीजीटी, म्हणजे एक्झॉस्टची वाट कमी-जास्त करणाऱ्या हलत्या पट्ट्यांचा (व्हेनचा) टर्बो असेल, तर काजळीने अडकलेल्या व्हेन साफ करून घ्या, खालचा पिकअप त्यांच्यावरच असतो.