अमेरिकेतल्या ‘प्रायमरी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत पक्षाचा उमेदवार कोण, हे मतदार ज्या आधीच्या मतदानातून ठरवतात त्या ‘प्रायमरी’साठी मराठीत कधी ‘प्राथमिक फेरी’ वाचायला मिळतं, कधी ‘पक्षांतर्गत निवडणूक’. यातलं बरोबर कोणतं?

मी ‘उमेदवारनिवड’ हा शब्द सुचवेन. पहिल्या उल्लेखात त्याच्या जोडीला ‘प्रायमरी’ ठेवावं.

‘प्राथमिक फेरी’ म्हटलं की एकाच स्पर्धेचा पहिला टप्पा वाटतो. पण कायद्याच्या लेखी प्रायमरी ही स्वतंत्र निवडणूक आहे. देणग्यांच्या नियमात हे स्वच्छ दिसतं. २०२५-२६ साठी एका व्यक्तीला संसदेच्या एका उमेदवाराला दर निवडणुकीमागे ३,५०० डॉलर देता येतात. प्रायमरीचे वेगळे, नोव्हेंबरचे वेगळे, म्हणजे एकूण ७,०००. उमेदवाराने दोन्हींचे पैसे आधीच घेतले आणि तो प्रायमरीतच हरला, तर नोव्हेंबरच्या वाट्याला हात लावता येत नाही. ते पैसे ६० दिवसांत देणगीदाराला परत करावे लागतात, नाहीतर त्याच्या संमतीने नियमांत बसेल तिकडे वळवावे लागतात.

एक अपवाद कॅलिफोर्नियाचा. तिथे २०१२पासून राज्यातल्या आणि संसदेच्या बहुतेक पदांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरला भिडतात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. २०१६मध्ये सिनेटच्या जागेसाठी कमला हॅरिस आणि लोरेटा सँचेझ या दोघी डेमोक्रॅटच समोरासमोर होत्या. इथे ‘प्राथमिक फेरी’ चपखल बसतं. फक्त राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी तिथेही पक्षनिहायच होते.

‘पक्षांतर्गत’ हा शब्द जास्त फसवा. बहुतेक प्रायमरी राज्याची निवडणूक यंत्रणा घेते, आणि मत द्यायला पक्षाची पावती फाडलेली असावी लागत नाही. टेक्सासमध्ये मतदार पक्षानुसार नोंदलेलाच नसतो; कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते तो मतदानाच्या वेळी सांगतो. विस्कॉन्सिनच्या ऑगस्टमधल्या प्रायमरीत एकाच मतपत्रिकेवर सगळे पक्ष असतात. त्यातल्या एकाच पक्षाच्या रकान्यात मत द्यायचं, दोन पक्षांत खुणा केल्या तर मतं बाद होऊ शकतात. न्यूयॉर्कमध्ये मात्र पक्षनोंदणी लागते, पण तीही निवडणूक कार्यालयात होते, पक्षाच्या कचेरीत नाही. पक्ष बदलायचा अर्ज १४ फेब्रुवारीपर्यंत पोचावा लागतो. पूर्वी ही मुदत आदल्या ऑक्टोबरात संपायची. ती हुकल्यामुळे २०१६मध्ये इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही. म्हणून अशा नोंदलेल्या मतदाराला ‘पक्षसदस्य’ लिहू नये, ‘पक्षनोंदित मतदार’ लिहावं.

खरी पक्षांतर्गत असते ती कॉकस, म्हणजे काही ठिकाणी प्रायमरीऐवजी होणारी मतदारांची बैठक. ती पक्षच भरवतो, म्हणून तिला ‘पक्षसभा’ म्हणायला हरकत नाही. संसदेतल्या ‘ब्लॅक कॉकस’सारख्या नावांत मात्र कॉकसचा अर्थ ‘गट’.

‘तिकीट मिळालं’ हा प्रयोग तर अमेरिकेबद्दल टाळाच. आपल्याकडे तिकीट श्रेष्ठी देतात आणि एबी फॉर्म हाती पडेपर्यंत कशाची खात्री नसते. तिथे उमेदवारी मतदारांकडून जिंकावी लागते, पक्षाध्यक्षाला नको असलेला माणूसही ती जिंकू शकतो. शिवाय ‘तिकीट’ हा शब्द तिथे राष्ट्राध्यक्ष-उपराष्ट्राध्यक्षपदाच्या जोडीसाठी वापरतात. ‘बंडखोर अपक्ष’ही जपून लिहावं : प्रायमरीत हरलेल्याला त्याच पदासाठी नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येण्याची वाट बहुतेक राज्यांच्या कायद्याने बंद असते. कनेक्टिकटमध्ये तसा कायदा नव्हता, म्हणून २००६मध्ये सिनेटर जो लिबरमन डेमोक्रॅटिक प्रायमरी हरूनही वेगळ्या पक्षनावाने उभे राहिले आणि सिनेटची जागा जिंकले.

राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीतून निवडले जातात ते ‘डेलिगेट’, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे. त्यांना नुसतं ‘प्रतिनिधी’ म्हटलं तर प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांशी घोळ होतो, तेव्हा ‘अधिवेशन-प्रतिनिधी’ बरं. नोव्हेंबरच्या मतदानातून ठरणारे आणि राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडणारे ५३८ ‘इलेक्टर’ ही आणखी तिसरी मंडळी. त्यांना ‘निर्वाचक’ म्हणावं.