एम-८० परत काढतील का?

गेल्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं, की उत्पादन थांबलेल्या गाड्यांपैकी कुठली गाडी कंपनीनं पुन्हा काढावी असं तुम्हाला मनापासून वाटतं? पत्रांचा गठ्ठा आला. गॅरेज बंद केल्यावर रात्री एकेक वाचत बसलो. सगळ्यांना उत्तर देणं या पानात बसणार नाही. ज्यातून चार गोष्टी सांगता येतील अशी पत्रं घेतोय.

प्रश्न : माझं वय एकवीस. मामाची आरएक्स १०० चालवली आणि तेव्हापासून दुसरी गाडी डोक्यात बसत नाही. एवढी मागणी असताना कंपनी ती परत का काढत नाही? जुनी घ्यायची तर काय बघू?
— एक वाचक, कागल

उत्तर : पोरा, तुझं चुकत नाही. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं यामाहाची ती गाडी निघाली, आणि अजून सायलेन्सरचा आवाज आला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातले म्हातारे फिटरसुद्धा मान वळवतात. ९८ सीसीचं इंजिन, ११ हॉर्सपॉवर, आणि गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. त्याच काळातली फोर-स्ट्रोक शंभर सीसी गाडी सात-साडेसात हॉर्सपॉवर द्यायची. तुला मामाच्या गाडीवर जे जाणवलं ते हेच.

पण ही ताकद जिथून येते तिथंच तिचा दोष आहे. आरएक्स टू-स्ट्रोक आहे. फोर-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर टाकणं आणि नवं मिश्रण आत घेणं यांचे फेरे वेगळे असतात, मध्ये व्हॉल्व्ह असतात. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीलाच पोर्ट असतात. पिस्टन खाली आला की एका अंगानं ताजं मिश्रण आत शिरतं आणि तेच दुसऱ्या अंगानं जळका धूर बाहेर ढकलतं. ढकलता ढकलता थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. वर इंजिनाच्या वंगणाचं टू-टी ऑइल जळतं ते वेगळंच. हेड उघडून पोर्टला साचलेला काळा थर स्क्रूड्रायव्हरनं खरवडलास की हे पुस्तकात वाचावं लागत नाही. १९९६ आणि २००० साली धुराचे नियम कडक झाले, आणि २०२० पासून त्याहून कडक बीएस-६ नियम आला. त्या इंजिनाला त्यात जागा नाही. उद्या त्याच नावानं फोर-स्ट्रोक गाडी आली तर टाकीवरची अक्षरं तीच असतील, बाकी काही नाही. ११ हॉर्सपॉवर आजच्या १२५ सीसी गाड्यांत मिळते. त्या वजनाला जड आहेत, एवढाच फरक.

जुनी घेताना आधी इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघ. फोटोवर जाऊ नकोस. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा केलेली आहे का ते बघ. सिलिंडर किती वेळा बोअर केलाय, म्हणजे आतून घासून मोठा केलाय, ते विचार, आणि गाडी गरम झाल्यावर क्रँकमधून खडखड येते का ते कान लावून ऐक. लाखात किंमत सांगणारे भेटतील. नुसत्या रंगावर पैसे देऊ नकोस. मामाचीच मिळत असेल तर मामाच्या मागं लाग.

प्रश्न : आम्हाला शेतावर जायला, गगनबावड्याच्या अंगाला फिरायला जिप्सी हवी होती. ती गेली. जिम्नी तिची जागा घेईल का?
— एक वाचक, शाहूवाडी

उत्तर : जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली, आधी ९७० सीसी, पुढं १३०० सीसीचं इंजिन बसलं. एअरबॅग, एबीएस आणि धडक चाचणीचे नियम आल्यावर ती सामान्य गिऱ्हाइकासाठी थांबली. २०२३ ची जिम्नी चासीवर बांधलेली आहे, फोर-व्हीलचा लो गिअर आहे, चिखलात ती कमी पडणार नाही. पण जिप्सीच्या मागं समोरासमोर बाकडी होती. त्यावर माणसं बसायची, नाहीतर खताची पोती पडायची, आणि संध्याकाळी पाइप लावून आतून धुता यायची. जिम्नीच्या सीटवर पोतं टाकायला तुमचं मन होणार नाही. फिरायला घ्या. शेतासाठी मी सुचवणार नाही.

प्रश्न : अ‍ॅम्बेसेडर परत येणार असं दरवर्षी ऐकतो. खरं काय?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : अ‍ॅम्बेसेडर जिथं बनायची तो बंगालमधला उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली थांबला आणि २०१७ साली अ‍ॅम्बेसेडर हे नाव ८० कोटींना फ्रान्सच्या पेजो कंपनीला विकलं गेलं. गाडी विकली नाही, नाव विकलं. अशी जुनी नावं परत येतात. जावा मोटरसायकल २०१८ मध्ये परत आली, टाटाची सिएरा २०२५ च्या नोव्हेंबरात आली. चांगल्या गाड्या आहेत, पण १९९१ च्या सिएराला तीनच दारं होती आणि मागं दोन्ही बाजूंच्या काचा छपरापर्यंत वळलेल्या होत्या. ती गाडी ज्यानं चालवली त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

प्रश्न : माझे वडील एम-८० वर दोन्ही बाजूला कॅन लावून डेअरीला दूध घालायचे. मी आता तेच करतो, पण गाडी धड नाही. मोटरसायकलला कॅन लावले की तोल जातो, मोपेड चढाला दम सोडते. एम-८० कंपनीनं परत काढली तर आमच्या गल्लीत दहा घरं घेतील. का काढत नाहीत?
— एक दूध उत्पादक, भुदरगड तालुका

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या मनातलीच गाडी तुम्ही मागितलीत.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बजाजची एम-८० दिसायला मोपेड, पण गिअर स्कूटरसारखा डाव्या हातात. क्लच दाबायचा आणि मूठ फिरवायची, तीन गिअर. मधला भाग मोकळा, त्यामुळं पाय न उचलता बसता यायचं, धोतरवाल्या आजोबांनाही आणि नऊवारीतल्या बाईलाही. मधल्या जागेत पेंडीचं पोतं बसायचं. चाकं तारांची आणि स्कूटरपेक्षा मोठी, म्हणून पाणंदीत कमी अडकायची. चाळीस लिटरचा कॅन दूध भरून पंचेचाळीस किलोच्या पुढं जातो. असे दोन, आणि वर माणूस. पहिला गिअर टाकला की ती हळूहळू का होईना, चढायची.

आज तिच्या जागेवर जी मोपेड आहे ती उत्तम गाडी आहे, पण तिला गिअर नाही. तिचा क्लच वेगावर आपोआप धरतो. भार जास्त आणि चढ उभा असला की वेग येत नाही, क्लच पूर्ण धरत नाही, नुसता घासत राहतो. माझ्याकडं पावसाळ्यात अशा गाड्या येतात. ड्रम उघडला की जळक्या लायनिंगचा वास अख्ख्या गॅरेजमध्ये पसरतो. ‘दम सोडते’ म्हणता ते हेच.

आता का काढत नाहीत. माझे वडील उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं तर आधी त्या पार्टचा लाकडी पॅटर्न लागतो, त्यावरून वाळूचा साचा होतो. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न शेकडा एक भाग मोठा करायचा. वडिलांची मोजपट्टीच तशी वेगळी होती, तिच्यावरचा एक फूट बाजारातल्या फुटापेक्षा किंचित लांब. लहानपणी तिच्यावर शाळेची आकृती काढली आणि मार्क गेले, म्हणून पक्कं लक्षात आहे. ऑर्डर थांबली की तो पॅटर्न माळ्यावर जायचा. दोन-तीन पावसाळे झाले की सागवानसुद्धा फुगतं, कोपरे सुटतात. पाच-सहा वर्षांनी कारखानदार जागा मोकळी करायचा आणि पॅटर्न बंबात जायचा. मी स्वतः अशा लाकडावर अंघोळीचं पाणी तापवलंय.

गाडी बंद होते म्हणजे असे शेकडो पॅटर्न आणि डाय मोडीत जातात. पार्ट देणारे छोटे कारखाने दुसऱ्या कामाला लागतात, हात बसलेली माणसं निवृत्त होतात. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा लोक मला विचारतात, ही चालते तर आमची का नाही? एका गाडीला एक पार्ट लेथवर घडवता येतो. कंपनीला महिन्याला हजारो लागतात आणि ते सगळे एका मापाचे लागतात. तुमच्या गल्लीतली दहा घरं मला पुरेशी आहेत, कंपनीला नाहीत.

म्हणून जुनी एम-८० जशीच्या तशी मागू नका, ती मूळची टू-स्ट्रोक होती आणि ते दार बंद झालंय. आपण मागायचं ते तिच्यातलं काम. शंभर सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन कंपन्यांकडं तयार आहे. त्याला हातातला गिअर आणि पहिला गिअर एवढा खालचा, की कॅन लावून चढावर क्लच घासू नये. मधला भाग मोकळा आणि कॅनचे हुक कंपनीतूनच चासीला वेल्ड केलेले. आज प्रत्येक गावात वेल्डर आपापल्या अंदाजानं अँगल लावतो, कुणाचा सरळ, कुणाचा वाकडा, आणि वळणावर माणूस आडवा होतो. असा पडलेला एक माणूस मी दवाखान्यात पोचवलाय, म्हणून हे कळकळीनं लिहितोय.

बॅटरीवरची चालेल का, असंही काहींनी विचारलंय. २०२४ मध्ये ई-लूना आली आहे. मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण ओढते, क्लच जळायचा प्रश्नच नाही, आणि दुधाची फेरी ठरलेली, सकाळ-संध्याकाळ तीच वाट. कल्पना मला पटते. भुदरगडच्या चढाला पूर्ण भार घेऊन मी ती चालवलेली नाही. चालवेन तेव्हा इथंच लिहीन.

तोवर एक करा. ज्यांच्याकडं एम-८० अजून चालू आहे त्यांनी कॅनच्या हुकाचं माप, जमिनीपासूनची उंची आणि रोज किती लिटर नेता ते कार्डावर लिहून पाठवा. कागदावर चित्र काढलंत तरी चालेल. ती सगळी एकत्र करून मी कंपन्यांना पाठवणार आहे.

तुमची स्वतःची एम-८० गोठ्यात पडून आहे असं पत्रात शेवटी लिहिलंय. ती घेऊन या. परवाच एकाची आली होती, सिलिंडर मागच्या गल्लीत बोअरिंगला दिलाय, शनिवारी मिळेल. तुम्ही सकाळचं दूध घालून आलात तर दोन्ही इंजिनं एकदमच बांधू.