वाचकांचे प्रश्न: दंड वाढवला की लोक सुधारतात का?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ तारवटी आहे, बोट सिंगापूरला लागली की तो फिरून येतो आणि आल्यावर एकच सांगतो, तिथं रस्त्यावर कागद टाकायला माणूस घाबरतो, आपल्याकडे पण असाच जबर दंड लावा म्हणजे गोंयकार आठ दिवसांत सरळ होतील. पण हेल्मेटचा दंड शंभराचा हजार झाला, आमच्या भागात काय बदललं? लोक तसेच फिरतात. मग कडक कायद्यानं खरंच काही होतं का?
- एक वाचक, फोंडा

उत्तर: होतं. नुसते बॅनर लावून आणि शाळेत भाषणं देऊन माणसं बदलली असती तर आतापर्यंत बदलायला पाहिजे होती, त्यामुळे कायदा कडकच पाहिजे ह्या मताचा मी आहे. फक्त दंड जबर असणं वेगळं आणि कायदा कडक असणं वेगळं, आपण तिथंच घोळ घालतो.

हेल्मेटचंच घ्या. वाढीव दंड देशात १ सप्टेंबर २०१९ पासून आला, गोव्यात आधी रस्ते नीट करू म्हणून थांबवला आणि एप्रिल २०२२ पासून लागू केला. हजार रुपये आणि वर तीन महिने लायसन्स बंद, म्हणजे कागदावर शिक्षा चांगलीच कडक आहे. आता सकाळी ऑफिसच्या टायमाला पर्वरीच्या बाजूला नाहीतर फोंड्याच्या बसस्टँडजवळ पाच मिनिटं उभे राहून बघा. हेल्मेट असतं, पण कोपरात अडकवलेलं. समोरून येणारा दिवसाढवळ्या लाईट मारून खुणावतो, पुढे पोलीस आहेत, की ह्याचं हेल्मेट कोपरातून डोक्यावर, पट्टा न लावताच, आणि पोलीस मागे पडले की परत कोपरात. हा माणूस हजार रुपयांना घाबरतच नाही, तो फक्त आज पोलीस उभे आहेत की नाही एवढाच हिशोब करतो. दंड दहा हजार केला तरी हिशोब तोच राहणार. उलट दोनशेच रुपये लावा पण रोज लावा, जाताना लावा आणि येताना पण लावा, महिन्याभरात तो घरातूनच पट्टा लावून निघेल. शिक्षा आणि कायद्यावर लिहिणाऱ्या इटलीच्या बेकारियानं १७६४ सालीच लिहून ठेवलंय की शिक्षा किती क्रूर आहे त्यापेक्षा ती चुकणार नाही ह्या खात्रीनं गुन्हा थांबतो.

आपल्याकडे काय होतं, एखादा मोठा अपघात झाला की आठ दिवस मोहीम चालते, पेपरात किती चलन फाडले त्याचे आकडे येतात, नवव्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. लोक हे ओळखून आहेत. आणि आणखी एक गोष्ट, दंड जेवढा मोठा तेवढे ओळखीच्याला लावलेले फोन जास्त. शंभराच्या पावतीसाठी कोणी आमदाराच्या माणसाला फोन करत बसत नाही, दहा हजार म्हटलं की खिशातून पहिला मोबाईलच बाहेर येतो. ज्याची ओळख नाही तो भरतो, म्हणजे एखादा पायलट, मोटरसायकलवरून भाडी मारणारा, ज्याची दिवसभराची भाडी त्यात जातात. मग गावात बोललं जातं की कायदा गरिबालाच आहे, आणि एकदा हे लोकांच्या मनात बसलं की कायदा पाळणाऱ्यालाच आपण मूर्ख ठरतोय असं वाटायला लागतं. मला सगळ्यात जास्त चीड ह्याचीच येते. म्हणूनच २०२३ मध्ये मेरशीच्या जंक्शनवर कॅमेऱ्यानं चलन काढणारे सिग्नल आले ते मला आवडले, कॅमेऱ्याला कोणाचा फोन येत नाही.

आता सिंगापूर. भावाला सांगा, तिथं नुसता दंड नव्हता. स्वच्छतेची मोठी मोहीम १९६८ मध्ये सुरू झाली, पण त्याच काळात रस्त्यावरच्या खाण्याच्या गाडेवाल्यांना नळ आणि गटारं असलेली पक्की केंद्रं बांधून दिली, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते काम चाललं. नदी साफ करायला १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं घातली. च्युइंगमवर बंदी आली ती १९९२ मध्ये, म्हणजे बरीच नंतर. सोय आणि दंड बरोबरीनं, आणि दंडात दयामाया नाही.

आपल्याकडे हायवेच्या वळणावर कचऱ्याच्या पिशव्या पडलेल्या दिसतात त्या कोण टाकतं? बऱ्याच वेळा भाड्यानं राहणारा, सकाळी साडेसातला कामाला निघणारा माणूस. कचऱ्याची गाडी येते दहाला, घरमालक म्हणतो पिशवी गेटवर ठेवू नको कुत्री फाडतात, मग ती स्कूटरच्या हुकला लटकते आणि वळणावर कोणी बघत नाही ते बघून झाडीत जाते. त्याचं बरोबर आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्याला दंड करायच्या आधी पंचायतीनं सहा वाजता उघडी असलेली एक जागा दिली पाहिजे. ती दिल्यावरही जो झाडीत टाकेल त्याला मात्र सोडू नका, मग तो भाडेकरू असो की भाटकार, म्हणजे जमीनमालक. पुढच्या ग्रामसभेत हे लेखी विचारा, गेल्या वर्षात कचऱ्यासाठी किती जणांना दंड केला आणि किती वसूल झाला. तोंडी विचारलं तर तोंडी उत्तर मिळतं.

प्रश्न: मुलगा सोळा वर्षांचा आहे, क्लास साखळीला आणि घर आत गावात, संध्याकाळी बस नाही म्हणून स्कूटर देते. सगळेच देतात. पकडलं तर काय होईल?
- एक आई, डिचोली तालुका

उत्तर: ताई, तुमची अडचण खोटी नाही, आतल्या गावांत संध्याकाळनंतर बसचे हाल आहेत हे मला माहीत आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालकांना किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द होतं, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लर्निंग लायसन्ससुद्धा मिळत नाही. सोळाव्या वर्षी चालते ती पन्नास सीसीपर्यंतची गाडी, तिलाही लायसन्स लागतंच, आणि तुमची स्कूटर शंभराच्या वरची असणार. सगळेच देतात म्हणून आपण द्यायची नाही. त्याच क्लासला जाणारी चार-पाच मुलं तुमच्या बाजूची असतील, त्यांच्या आयांना भेटा, एक रिक्षा महिन्यावर ठरवा नाहीतर आणायची पाळी लावून घ्या. आणि कदंब बसच्या फेरीसाठी पालकांच्या सह्यांचं पत्र द्या, एकटीनं मागण्यापेक्षा वीस सह्या असल्या तर बरं पडतं.

प्रश्न: बीचवर पर्यटकांना धरतात, आपल्याच लोकांना सोडतात. हे बरोबर का?
- एक वाचक, कळंगुट

उत्तर: नाही. बीचवर उघड्यावर दारू पिणं आणि जेवण शिजवणं ह्यासाठी २०१९ मध्ये माणशी दोन हजार आणि ग्रुपला दहा हजार दंड ठरला, तो चांगलाच निर्णय होता, वाळूत फुटलेल्या बाटल्यांनी किती जणांचे पाय कापलेत ते बीचवर धंदा करणाऱ्यांना विचारा. पण भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट लांबून ओळखू येते म्हणून तीच थांबवायची, आणि लग्नातून दोन पेग मारून येणाऱ्या गाववाल्याला 'सावकाश जा' म्हणून सोडायचं, हे थांबलं पाहिजे. गाडी चालवताना शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा, पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्यात गोंयकार आणि भायलो असा फरक कुठंच लिहिलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारीच्या पुलावर एका आलिशान गाडीनं तीन जणांचा जीव घेतला, चालक प्यायलेला होता असा आरोप झाला, आणि ती गाडी काही भाड्याची नव्हती.