संख्याशास्त्राचं व्याख्यान? राजम्यापासून सुरुवात करा

प्रश्न : महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं अशा ठिकाणी रोजच्या व्यवहारातल्या संख्याशास्त्रावर बोलायचं आहे. फळ्यावर सूत्र आलं की श्रोते हरवतात. तासाभरात काय सांगावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फळा नकोच, नमुना त्यांच्याच हातून काढून घ्या. पांढऱ्या राजम्याचे 800 दाणे मोजून घ्या. त्यातल्या 100 दाण्यांवर दोन्ही बाजूंनी मार्करचा ठिपका द्या आणि शाई वाळली की सगळे बरणीत भरा. बरणी निम्मी रिकामी राहायला हवी. गच्च बरणीत दाणे मिसळत नाहीत. ठिपक्यांचे 100 आहेत एवढंच सांगून एकूण किती ते विचारा. प्रत्येकाने न बघता 80 दाणे काढायचे, ठिपक्यांचे मोजायचे, परत टाकून बरणी हलवायची. काढलेल्या दाण्यांत ठिपक्यांचं जे प्रमाण, तेच बरणीत धरायचं : 10 निघाले तर 100 गुणिले 80 भागिले 10, म्हणजे 800.

साधारण दहातल्या सात-आठ जणांना 7 ते 13 ठिपके मिळतील. 7 मिळाले त्याचा अंदाज 1143, 13 मिळाले त्याचा 615. इथे अजिबात घाई करू नका. मोजणी बरोबर असूनही उत्तरं वेगळी येतात, हेच तर लोकांना दिसायला हवं. मग या दोघांचे दाणे एकत्र धरा : 160 पैकी 20, उत्तर 800. अंदाजांची सरासरी मात्र 879 येते, कारण ठिपके कमी पडले की भागाकार जितका फुगतो, तितका ते वाढल्यावर आकसत नाही.

एकदा मुद्दाम ठिपक्यांचे दाणे शेवटी टाकून, न हलवता वरचे काढायला लावा. ठिपके भरमसाट निघतील, अंदाज कोसळेल. वाघांची मोजणीही याच तत्त्वावर होते. कॅमेऱ्यात टिपलेले अंगावरचे पट्टे म्हणजे तिथले ठिपके.

उरलेल्या वेळात वैद्यकीय तपासणी घ्या, पण टक्के न सांगता माणसं मोजून. समजा, 1000 जणांत 10 आजारी. चाचणीने त्यातले 9 पकडले आणि 990 निरोग्यांपैकी 50 जणांनाही चुकून आजारी ठरवलं. म्हणजे 59 पॉझिटिव्ह, त्यात खरे आजारी 9. हे आकडे उदाहरणापुरते आहेत आणि लक्षणं नसलेल्यांच्या सरसकट तपासणीचे आहेत, हे आवर्जून सांगा. लक्षणं असलेल्यांत आजाऱ्यांचं प्रमाण मुळातच जास्त असतं, त्यामुळे हा हिशेब ऐकून कुणी डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळता कामा नये.